आधी गेलेलं मोजा

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं चांदूर रेल्वे. गावाच्या नावाला रेल्वे कशी काय चिकटली, असं बाहेरचा माणूस हटकून विचारतो. मुंबईकडून निघालेले रूळ १८६७ साली नागपूरला पोचले, त्या वाटेवरचं हे गाव. बडनेरा सोडलं की टिमटाळा, मग मालखेड, मग चांदूर आणि पुढं धामणगाव, पुलगाव. आमचं खेडं चांदुरापासून दोन कोसांवर. रात्री वारा तिकडचा असला म्हणजे मालगाडीचा आवाज वावरातल्या जागलीपर्यंत येतो.

गावात आमची चार घरं ख्रिस्ती. चारही एकाच बुढीची. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटलं की शहरातले लोक अजून दचकतात. माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका मास्तरांनी तर एकदा विचारलं होतं, "घरी तुम्ही इंग्रजीत बोलता का हो?" मी म्हटलं, "या एकदा घरी. माह्या मायचं वऱ्हाडी आयकून तुमाले दुभाष्या लागन." आमच्या घरी जवारीची भाकर, पातोडीची भाजी, पोळ्याला बैलांची पूजा नसली तरी बैलांना धुऊन-पुसून घास घालायची रीत, सगळं गावासारखंच. फरक एवढाच की रविवारी सकाळी आम्ही चांदूरच्या वाटेनं उपासनेला जायचो आणि शनिवारी रात्री आमच्या घरात हिशोब व्हायचा.

त्या हिशोबाचीच गोष्ट सांगायची आहे. आनंदी राहा, मनात चांगले विचार आणा, असं आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. आमच्या घरात आनंद होता, भरपूर होता. पण तो या हिशोबाच्या वाटेनं यायचा, आणि ती वाट जरा वेगळी होती.

त्याचं मूळ माझ्या पणजीपाशी. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. जवारी गेली, वैरण गेली, जनावरं गेली, मग माणसं मरू लागली. माणसं रेल्वेच्या कडेकडेनं चालत निघाली, कारण रुळावर काहीतरी मिळेल अशी आशा. अकोला-अमरावतीकडं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनची माणसं आली होती. दुष्काळात त्यांनी अनाथ लेकरं सांभाळली. त्या लेकरांत माझी पणजी होती. वय पाच की सहा, नक्की कोणालाच माहीत नाही. आपलं गाव कोणतं हेही तिला सांगता आलं नाही. फक्त एक विहीर आणि विहिरीवरचं चिंचेचं झाड आठवायचं.

आजी सांगायची, की त्या अनाथालयात रोज पेज मिळायची, तरीही लेकरं मरत होती. उपाशी पोटाला अन्न सोसत नव्हतं, हगवण लागायची. सकाळी उठलं की शेजारची वाकळ रिकामी. मोठ्या पोरींनी रात्री निजताना एक रीत पाडली. आधी गेलेल्या पोरींची नावं घ्यायची. एकेक, पूर्ण नाव. मग उरलेल्यांची नावं घ्यायची, आणि जिचं नाव घेतलं तिनं अंधारात "हाव" म्हणायचं. मग गाणं म्हणायचं आणि झोपायचं. पणजीनं ही रीत पुढं आपल्या संसारात आणली. ती बायबल बाई झाली, गावोगाव फिरली, लेकरं झाली, त्यातली अर्धी गेली. पण शनिवारी रात्री तिचा हिशोब चुकला नाही. तिच्याकडून तो आजीकडं आला.

आजीचा हिशोब मी स्वतः पाहिला. कंदील मधोमध. बाबा, माय, दादा, मी, चुलते, चुलत्या. आजी भिंतीला टेकून. प्रत्येकानं या आठवड्यात काय गेलं ते सांगायचं. कोणाची शेळी मेली, कोणाचा पेपर कच्चा गेला, कोणाला सासरच्यांनी बोल लावला, कोणाच्या तुरीवर अळी आली. लहान पोट्ट्यांनाही सुटका नव्हती. मी एकदा "माही गोटी हारपली" असं सांगितलं तर दादा फिसकन हसला. आजीनं त्याला दटावलं, "त्याची गोटी गेली. तुही गेली का?" माझी गोटी हिशोबात धरली गेली.

गेलेलं सगळं सांगून झालं की मग उरलेलं. काय आहे, काय मिळालं, कोणी मदत केली. ते संपलं की आजी छोटी प्रार्थना करायची आणि मग भजन. दादा ढोलक वाजवायचा, बाबा टाळ.

घाई झाली की माय म्हणायची, "आत्याबाई, आज पोट्टे पेंगुन राह्यले, चांगलं चांगलं तेवढं सांगू अन् भजन म्हनू." आजी मान हलवायची. "आंधी गेलं ते मोजा, मंग उरलं ते मोजा. उलटं मोजसान त खोटं होते."

आजीला लिहिता येत नव्हतं, पण वाचता येत होतं, आणि वाचायची ती फक्त पवित्र शास्त्र. त्यात तिचं आवडतं पुस्तक पाहिलं तर नवल वाटावं. हबक्कूक. तीनच अध्यायांचं, शोधायला गेलं तर पानं चिकटलेली असली म्हणजे सापडत नाही एवढं. हा हबक्कूक देवाशी भांडतो. किती दिवस हाका मारू, अन्याय तुला दिसत नाही का, असं सरळ विचारतो. आणि शेवटच्या अध्यायात तो एक यादी करतो. अंजिराचं झाड, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा. एकेकाचं नाव घेऊन यातलं काहीही हाती लागलं नाही तरी, असं म्हणत जातो. यादी पुरी झाल्यावर सांगतो, की तरी मी माझ्या देवाच्या ठायी आनंद करीन.

आता आमच्याकडं अंजीर कोणी लावलेलं नव्हतं, आणि जैतून म्हणजे काय हे पाद्रीसाहेबांनाही धड सांगता यायचं नाही. म्हणून आजी वाचताना आपल्या मनानं बदल करायची. अंजिराच्या जागी पऱ्हाटी, जैतुनाच्या जागी जगनी, शेताच्या जागी जवारी. गोठा होता तसाच. गोठा काय, तिथलाही रिकामाच आणि इथलाही. ऐकणाऱ्या आम्हा पोरांना कितीतरी वर्षं वाटायचं की हबक्कूक हा आपल्याच तालुक्यातला कोणी कास्तकार असावा.

भजनं बहुतेक रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, पण आमच्या या रुळांशी त्यांचा संबंध आहे. १८९३ च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. चांदुरावरून गेलेले रूळ नागपूरच्या पुढं तिकडंच जातात. त्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी जी भजनं लिहिली ती अभंगाच्या, ओवीच्या वळणाची, टाळ-मृदंगावर म्हणता येणारी. त्यामुळं आमच्या घरचं भजन रस्त्यावरून ऐकणाऱ्याला परकं वाटत नसे. समोरच्या ओट्यावर गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्यापासून दूर नाही, त्यामुळं खंजिरी गावात घरोघर. तिकडची खंजिरी आणि इकडची ढोलक कधी कधी एकाच वेळी चालायची आणि कोणाचा ताल कोणाला चुकवायचा नाही.

टिळकांच्या पत्नीची ओळख मला डी.एड.ला झाली. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागानं निघालेलं हे पुस्तक मी वसतिगृहात एका रात्रीत निम्मं वाचलं आणि खोलीतला दुसरा पोरगा "काय हसतंस बे एकटाच" म्हणून वैतागला. नवरा न सांगता धर्म बदलतो, चार-साडेचार वर्षं नवरा-बायकोची ताटातूट, पदरची लेकरं गेलेली, घरात पैसा टिकत नाही कारण नवरा आलेल्या-गेलेल्याला वाटून मोकळा होतो. हे सगळं त्या सांगतात आणि वाचणारा हसतो. पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या काहीच लपवत नाहीत. आपण किती रडलो, डोकं फिरायची वेळ कशी आली, सोवळं-ओवळं मनातून जाता जाता किती वर्षं गेली, हे सगळं आधी येतं. हसू त्याच्या मागून येतं. म्हणून ते खरं वाटतं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, ते पुढं नेण्याचं काम फारसं न शिकलेल्या या बाईनं केलं. मी वाचत होतो आणि मला भिंतीला टेकलेली आजी दिसत होती.

पौलाचं फिलिप्पैकरांस पत्रही असंच. चार अध्यायांचं ते पत्र आनंदानं भरलेलं आहे, पाद्रीसाहेब नाताळाच्या आसपास त्यावर हमखास बोलायचे. पण ते पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे आणि पौल ते लपवत नाही. बेड्यांचा उल्लेख पहिल्याच अध्यायात येतो. ज्यांना लिहिलं त्यांना ठाऊक होतं की आपला माणूस बंदीत आहे. त्यानं आधी बेड्या सांगितल्या आणि मग आनंद करा म्हटलं, म्हणून त्यांनी ते ऐकलं असावं.

आजी १९८६ साली गेली. मी नोकरीला लागलो, अमरावतीला राहायला आलो. बाबाही गेले. शनिवारचा हिशोब हळूहळू बंद पडला. टीव्ही आला, दादाची पोरं शिकायला बाहेर गेली. भजन राहिलं, तेही नाताळापुरतं.

मधल्या काळात माझ्या कानावर आनंदाचं दुसरंच शिक्षण पडू लागलं. एकदा आम्हा शिक्षकांना एका सभागृहात बसवून दिवसभराचं व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते मोठे तयारीचे. "वाईट शब्द तोंडातून काढूच नका. कोणी कसे आहात विचारलं तर एकदम मस्त म्हणा. बोललं तसं घडतं." आम्ही सगळ्यांनी हात वर करून तीनदा "एकदम मस्त" म्हटलं. बाजूला बसलेल्या बाईंचा नवरा त्या आठवड्यात दवाखान्यात होता. त्यांनीही म्हटलं. हे गावातही पोचलं. मोबाइलवर रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्राखाली एक सुविचार. ख्रिस्ती मंडळीही मागं नव्हती. विश्वास आहे ना, मग तोंड पाडून कशाला बसता, असं बोलणारे आमच्यातही निघाले.

आमच्या वावराला लागून ज्याचं वावर, तो माणूस असाच हसरा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. कधीही भेटा, दोन्ही हात पसरून म्हणायचा, "आपलं त मस्त चालू हाय बाप्पा!" पोळ्याला त्याच्या बैलांची सजावट सगळ्यात भारी. लग्नात नाचायला पहिला. गावाला त्याचा आधार वाटायचा.

२०१७ चं साल कापूसवाल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पऱ्हाटी त्या वर्षी छातीला लागली होती. दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा दादा खुशीत होता. बोंडांनी झाड वाकलं होतं. मग वेचणी सुरू झाली आणि बोंड उमलेना. जे उमललं त्यात सरकी खाल्लेली, रुई पिवळी, कवडीसारखी घट्ट. गुलाबी बोंडअळी. फुलातच शिरते ती. पाकळ्या मिटून राहतात, त्याला आमच्याकडं डोमकळी म्हणतात. अळी आत गेली की बोंड बाहेरून हिरवंगार राहतं, फवारणीचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. दादानं माझ्यासमोर एक बोंड दातानं फोडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता फेकून दिलं.

नोव्हेंबरात एका सकाळी बातमी आली की शेजारच्या वावरवाला तो हसरा माणूस गेला. त्यानं स्वतःच स्वतःला संपवलं होतं. आदल्या संध्याकाळी पानठेल्यावर तो चार लोकांना भेटला होता, आणि चौघांनाही त्यानं मस्त चालू असल्याचंच सांगितलं होतं. मागं बायको, एक पोरगी, म्हातारा बाप. कर्ज किती, कोणाचं, बायकोला काहीच माहीत नव्हतं.

मौतीवरून आल्यावर माय रात्रभर बसून राहिली. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती जी आम्हा कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दादाही अलीकडं मस्त आहे, मस्त आहे म्हणू लागला होता. पूर्वी तो करवादायचा, बोंबलायचा, सरकारला शिव्या द्यायचा. आता शांत. जेवण कमी, बोलणं गोड. वहिनीला वाटलं, चला, माणूस निवला.

डिसेंबरात नुकसानीचे पंचनामे निघाले. तलाठी आणि कृषी सहायक वावरात आले, किती एकर पेरा, किती टक्के नुकसान, फोटो, सही. नाताळाच्या आधीच्या शनिवारी मी गावी पोचलो. दारावर कागदाची चांदणी लावलेली, वहिनी करंज्या तळत होती. रात्री जेवणं झाल्यावर मायनं टीव्ही बंद केला. वीज होती, तरी तिनं माळ्यावरून कंदील काढायला लावला. त्याची काच पुसायलाच दहा मिनिटं गेली. तो मधोमध ठेवून ती आजीच्या जागी भिंतीला टेकली आणि म्हणाली, "तलाठी साहेबानं वावराचा पंचनामा केला. घराचा कोन करते? आपल्यालेच करा लागन."

तिनं स्वतःपासून सुरुवात केली. डोळ्याला दिसत नाही, मोतीबिंदू वाढला, पण ऑपरेशनचा खर्च पडेल म्हणून सांगितलं नाही. आम्ही चाटच पडलो. मग वहिनी. मग मी. माझंही होतं काहीबाही, ते सांगितलं. दादाच्या दोन्ही पोरांनी सांगितलं. दादाची पाळी आली.

"माह्यं काई नाई," तो म्हणाला. "चाललं हाय बरं."

माय थांबली. कंदिलाची वात थोडी वर केली.

"माय, मले नाई सांगता येत," दादा दुसऱ्याच आवाजात म्हणाला.

"सांग गा. देवाले समदं माईत हाये, तो काई तुह्यावर चिडून नाई बसला. आमाले माईत नाई. आमाले सांग."

मग तो बोलला. सोसायटीचे नव्वद हजार आम्हाला ठाऊक होते. कृषी केंद्राची उधारी बासष्ट हजार, ती निम्मी ठाऊक होती. सावकाराचे दीड लाख कोणालाच ठाऊक नव्हते. एका मित्राचे चाळीस हजार, तेही नाही. मी पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. बेरीज तीन लाख बेचाळीस हजार झाली. आकडा मोठ्यानं वाचला. दादा रडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, बाबांच्या मौतीतही नाही. मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं पूर्ण लिहीत नाही. एवढंच, की शेजारच्या माणसाच्या वाटेनं जायचा विचार त्याच्या डोक्यात दोनदा आला होता.

कोणी काही बोललं नाही. कोणी त्याला असा विचार करू नको म्हणूनही म्हटलं नाही. वहिनी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली. मायनं खूप वेळ जाऊ दिला आणि मग म्हणाली, "बरं. झालं गेलेलं. आता उरलेलं."

उरलेलं मोजायला सुरुवात तिनंच केली. सात एकर वावर, एक गुंठाही गहाण नाही. विहिरीला पाणी. बैलजोडी. तूर उभी आहे, बरी आहे. लहान्याची नोकरी. मोठ्या नातवाचं आयटीआयचं शेवटचं वर्ष. आणि शेवटी दादाकडं बोट दाखवून, "अन् हा. हा बसला हाय अठी." मग आम्हा सगळ्यांकडं पाहून तिनं दादाचं नाव घेतलं. हाजरी घेतल्यासारखं. दादाला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं दुसऱ्यांदा नाव घेतलं. तेव्हा त्याला पणजीची गोष्ट आठवली असावी. खाली मान घालून तो म्हणाला, "हाव."

प्रार्थना मायनं केली, अगदी छोटी. मग ढोलक काढायला लावली. तिच्या दोऱ्या सैल झाल्या होत्या, दादानं त्या ओढल्या, शाईवर बोटं मारून पाहिली. पहिली दोन कडवी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, नुसता ठेका. तिसऱ्याला निघाला. आम्ही तीन भजनं म्हटली, चौथं सुरू असताना दार वाजलं. सेवा मंडळाचे म्हातारे काका खंजिरी घेऊन उभे. "भजन चालू हाय अन् आमाले बलावलं नाई? हे काई बरं नाई बाप्पा." त्यांना घोंगडी टाकून दिली. साडेअकरापर्यंत चाललं. करंज्या नाताळाच्या होत्या, त्या रात्रीच निम्म्या संपल्या.

त्या रात्री मला आनंद झाला होता. हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. तीन लाख बेचाळीस हजारांतला एक रुपया कमी झाला नव्हता. पण घरातलं कोणी आता एकटं नव्हतं, आणि देवासमोर झाकलेलं काही उरलं नव्हतं. आजी आनंद म्हणायची तो हाच असावा. चांगले विचार मनात आणायला आम्हाला कोणी सांगितलं नाही. वाईट विचार बोलून बाहेर पडले, तेव्हा चांगल्यांना जागा झाली.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण नुसत्या भजनानं कर्ज फिटत नाही. शिक्षकांच्या पतसंस्थेतून मी कर्ज काढलं आणि सावकाराचे दीड लाख एकदम देऊन कागद परत घेतला. कृषी केंद्रवाल्याला हप्ते बांधून दिले, त्यानं मानले. सोसायटीचं कर्ज त्या वेळच्या कर्जमाफीच्या यादीत उशिरानं का होईना, बसलं. मित्र थांबला. तूर विकून मायचा एक डोळा झाला. दादानं जानेवारीतच पऱ्हाटी उपटली. फरदडीच्या लोभानं उभी ठेवली असती तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळालं असतं. पऱ्हाटीचे ढीगही धुऱ्यावर ठेवले नाहीत. दुसऱ्या वर्षी कापूस तीन एकरच, बाकी सोयाबीन आणि तूर, आणि पऱ्हाटीत कामगंध सापळे. उत्पन्न काही फार झालं नाही. पण दादा पुन्हा पहिल्यासारखा करवादतो, सरकारला शिव्या देतो, आणि ते ऐकून वहिनीला बरं वाटतं.

शनिवारचा हिशोब पुन्हा सुरू झाला तो आजवर आहे. मी महिन्यातून दोनदा तरी जातो. नातवंडं त्याला पंचनामाच म्हणतात.

मायनं मात्र तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. नाताळ झाल्यावर ती रोज दिवेलागणीला काठी टेकत शेजारच्या त्या घरी जाऊ लागली. तिथं तिनं येशूचं नाव काढलं नाही, भजन म्हटलं नाही. त्या घराचा देव्हारा वेगळा, त्यांची भक्ती वेगळी. ती फक्त जाऊन बसायची आणि त्या पोरीला, म्हणजे त्या माणसाच्या विधवा बायकोला, म्हणायची, "आज काय गेलं ते सांग." पहिले कितीतरी दिवस ती नुसती रडायची. मग सांगू लागली. सरकारी मदतीच्या कागदासाठी किती चकरा झाल्या, सासरा रात्री कसा हाका मारतो, दुकानदार कसा बोलला, पोरगी शाळेत कोणाशी बोलत नाही.

एकदा ती मायला म्हणाली, "काकू, तुमच्या घरी दुसरी यादी बी करतात म्हनते. माह्याजवळ दुसरी नाई हो."

"नसू दे," माय म्हणाली. "तू पह्यलीच सांग. दुसरीची घाई नाई."

हे जवळजवळ वर्षभर चाललं. पावसाळा येऊन गेला. तिनं शिलाई मशीन घेतली, वावर बटईनं दिलं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी गावी असताना तीच आमच्या घरी आली. अंगणात उभी राहून, पदराला हात पुसत, जरा लाजल्यासारखी. तिचा नवरा गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यानं परसात शेवग्याची फांदी रोवली होती. ती जगली होती, आणि कोणाचं तिच्याकडं ध्यान नव्हतं.

"काकू," ती म्हणाली, "शेवग्याले शेंगा धरल्या."

मायनं तिला ओट्यावर बसायला सांगितलं आणि आत हाक मारली, "चाय मांडा वं. अन् कितीक शेंगा हायेत गा बाई, मोजल्या का?"

"मोजल्या," ती म्हणाली. "अकरा."